डाळ का शिजत नाही?

चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला लागलेला माझा एक जुना विद्यार्थी मध्यंतरी भेटायला आला. दोघा मित्रांबरोबर तो तिथेच खोली घेऊन राहतो. मेसचा डबा परवडेना म्हणून तिघांनी खोलीवरच स्वयंपाक सुरू केला होता.

"सर, सहा शिट्ट्या दिल्या तरी तूरडाळ अख्खीच राहते. रात्रपाळीहून आल्यावर इतका वेळ गॅस जाळायचा आणि वर डाळ वेगळी, पाणी वेगळे! आता नवा, चांगला महागातला कुकर घ्यावा म्हणतो."

मी म्हटले, "थोडा थांब. रविवारी जुना कुकरच घेऊन ये. आणि येताना तुमच्या बोअरचे दोन बाटल्या पाणी आण."

कुकर काय करतो?

पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, हे आपण पाठ केलेले असते. पण ते समुद्रसपाटीवर. पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण हा सारा परिसर सुमारे ५५० ते ६५० मीटर उंचीवर आहे. येथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. एकदा उकळी फुटली, की ज्योत कितीही मोठी करा, तापमान वाढत नाही. जादा उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते.

कुकरमध्ये ही वाफ कोंडली जाते. बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम जादा दाब झाला, की शिट्टीचे वजन उचलले जाते. या दाबाखाली पाणी सुमारे १२० अंशांना उकळते. तापमान १० अंशांनी वाढले, की पुष्कळशा रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणजे कुकरमध्ये अन्न चौपटीहून लवकर शिजावे. पहिली शिट्टी झाल्यावर हा दाब टिकवायला बारीक ज्योत पुरते. मोठ्या ज्योतीने शिट्ट्या वाढतात, तापमान नाही. म्हणून शिट्ट्यांऐवजी मिनिटे मोजावीत.

चार वाट्यांचा प्रयोग

रविवारी आम्ही चार सारख्या वाट्यांत एकाच पिशवीतली तूरडाळ सारखी मोजून घेतली. पहिलीत माझ्या चिंचवडच्या घरचे, पवना नदीचे नळाचे पाणी घातले. दुसरीत बोअरचे पाणी. तिसरीत नळाचेच पाणी, पण चिंचेचा कोळ घालून. चौथीत बोअरचेच पाणी, पण दहा मिनिटे उकळून, निवू देऊन, वरचे नितळ तेवढे घेतलेले. चारही वाट्या त्याच्याच कुकरमध्ये एकदम ठेवल्या. त्यामुळे तापमान आणि वेळ चौघींना सारखीच मिळाली. फरक राहिला तो फक्त पाण्याचा.

झाकण उघडले तेव्हा पहिल्या वाटीतली डाळ बोटाने सहज मोडत होती. दुसरी आणि तिसरी कणीदार राहिली होती. चौथी दुसरीपेक्षा बरीच मऊ होती, पण पहिलीइतकी नव्हे. कुकर निर्दोष सुटला!

दोष पाण्याचा

डाळीच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारा पेक्टिन नावाचा पदार्थ असतो. तो विरघळला, की डाळ मऊ होते. आपल्याकडच्या काळ्या बेसॉल्ट खडकातून झिरपताना पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार उतरतात आणि ते दुष्फेन होते. या क्षारांतले कॅल्शियम पेक्टिनला घट्ट बांधून टाकते. आंबटपणामुळेही पेक्टिन लवकर विरघळत नाही. म्हणून चिंच, आमसूल, टोमॅटो हे डाळ शिजल्यावरच घालावेत.

पाणी उकळल्यावर त्यातील बायकार्बोनेटचे विघटन होऊन क्षारांचा पांढरा थर तळाशी बसतो. दुष्फेनतेचा हा तात्पुरता भाग गेला, म्हणून चौथी वाटी सुधारली. कायमची दुष्फेनता मात्र उकळून जात नाही. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर डाळ लवकर शिजते, पण त्यातले ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते. त्यापेक्षा डाळ तासभर भिजवणे बरे. फार जुनी, दमट हवेत राहिलेली डाळ मात्र भिजवूनही नीट शिजत नाही.

भांड्याचा तळ

त्याची दुसरी तक्रार खिचडी करपण्याची होती. त्याचे पातेले पातळ स्टेनलेस स्टीलचे. तांबे या स्टीलच्या सुमारे २५ पट उष्णतावाहक आहे, अॅल्युमिनियम सुमारे १५ पट. स्टीलमध्ये उष्णता बाजूला पसरत नाही. ज्योतीच्या वरचा भाग भलताच तापतो, आणि खिचडी नेमकी तेथेच लागते. जाड अॅल्युमिनियमचे, किंवा तळाला अॅल्युमिनियमचा थर असलेले स्टीलचे पातेले हा यावरचा उपाय. अॅल्युमिनियमच्या भांड्यात आंबट पदार्थ मात्र ठेवू नयेत.

तो नव्या कुकरऐवजी एक जाड बुडाचे पातेले आणि कुकरची नवी रबरी रिंग घेऊन गेला. आता रात्रपाळीला निघण्यापूर्वी पाणी उकळून ठेवतो, सकाळी आल्यावर त्यात डाळ भिजवतो, मग अंघोळ. जेवायला वरण तयार असते.

विद्यार्थी मित्रांनो, हा प्रयोग तुम्हीही घरच्या मोठ्यांना बरोबर घेऊन करून पाहा. वाफ जाण्याची नळी मोकळी आहे ना, हे आधी पाहावे आणि दाब पूर्ण उतरल्याशिवाय झाकण उघडू नये. आणखी एक लक्षात ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे दोष कोणाचा ते नक्की कळते.