1965 च्या युद्धाची साठ वर्षे: अब्दुल हमीदांना आठवताना आपल्या गावातल्या फौजींचंही दार वाजवा

26 जानेवारी 2026 ला एका प्रसंगाला साठ वर्षे पूर्ण होतात. 26 जानेवारी 1966 रोजी दिल्लीत राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हातून रसूलन बीबी यांनी आपल्या शहीद शौहरचं परमवीर चक्र स्वीकारलं होतं. ते शौहर म्हणजे कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार अब्दुल हमीद, 4 ग्रेनेडिअर्स, राहणार धामूपूर, जिल्हा गाझीपूर. वय अवघं 32.

अब्दुल हमीद हे नाव आपल्या समाजात कोणाला माहीत नाही असं नाही. उर्दू शाळांत त्यांच्यावर भाषणं होतात, भिंतीवर चित्र असतं. पण मुलांना विचारलं की बेटा, त्यांनी नेमकं केलं काय, तर उत्तर येतं, "सर, टँक उडवले." पुढचं कोणी सांगत नाही. म्हणून आधी तेच नीट सांगू.

सप्टेंबर 1965. पाकिस्तानने 1 सप्टेंबरला छांबमध्ये जोरदार हल्ला केला होता. त्याला उत्तर म्हणून 6 सप्टेंबरला भारतीय फौजा पंजाबातून लाहोरच्या दिशेने सरकल्या. तेव्हा पंतप्रधान लालबहादूर शास्त्री होते आणि संरक्षणमंत्री आपले यशवंतराव चव्हाण. पाकिस्तानने खेमकरणच्या बाजूने अख्खी चिलखती डिव्हिजन आत घातली. तिच्याकडे अमेरिकेने दिलेले पॅटन रणगाडे होते, त्या काळातले अव्वल. आपल्या बाजूला मेजर जनरल गुरबक्ष सिंग यांची 4 माउंटन डिव्हिजन होती. तिने असल उत्तर या गावाभोवती घोड्याच्या नालेसारखी मोर्चेबांधणी केली, शेतांत कालव्याचं पाणी सोडलं आणि उसात रणगाडे लपवले. पॅटन आले आणि चिखलात रुतले. भारतीय नोंदींप्रमाणे तिथे पाकिस्तानचे 97 रणगाडे एक तर फुटले, नाही तर हाती लागले. भिखीविंडजवळ जिथे ते ओढून आणून उभे केले, त्या जागेला लोक पॅटन नगर म्हणू लागले.

अब्दुल हमीद यांच्याकडे होती एक उघडी जीप आणि तिच्यावर बसवलेली 106 मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ. या तोफेचं वैशिष्ट्य समजून घ्यायला पाहिजे, नाही तर त्यांच्या हिमतीचा अंदाज येत नाही. ही तोफ झटका मागे खात नाही, म्हणूनच ती जीपवर बसते. पण गोळा सुटला की मागून आगीचा आणि धुळीचा लोट निघतो. म्हणजे एक गोळा मारला की शत्रूला तुमची जागा कळलीच. मग लगेच जीप हलवायची, दुसऱ्या आडोशाला जायचं, पुन्हा नेम धरायचा. जीपला चिलखत नाही. समोर पोलादी पॅटन. उसाच्या आणि कपाशीच्या आडून त्यांनी हे पुन्हा पुन्हा केलं आणि 10 सप्टेंबर 1965 ला समोरासमोरच्या गोळाबारीत ते शहीद झाले.

त्यांनी रणगाडे किती फोडले? कुठे सात वाचायला मिळतात, कुठे आठ, कुठे त्याहून कमी. लढाई चालू असताना कोणी वही घेऊन बसत नाही, आकडे मागेपुढे होतात. आम्ही मुलांकडून आकडा घोकून घेत नाही. जीप विरुद्ध पॅटन, एवढं चित्र डोळ्यासमोर आलं तरी पुरे.

त्याच असल उत्तरच्या रणांगणावर डेक्कन हॉर्स ही घोडदळातून रणगाडा दलात आलेली रेजिमेंट लढत होती. तिचे कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल अरुण श्रीधर वैद्य, मूळचे अलिबागचे. त्यांना महावीर चक्र मिळालं, पुढे ते लष्करप्रमुख झाले. आणि या डेक्कन हॉर्सचं मूळ कुठलं? निजामाच्या हैदराबाद कंटिंजंटचं घोडदळ. ज्या कंटिंजंटच्या खर्चापोटी 1853 च्या तहाने आपलं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं, ती हीच फौज. तिची छावणी एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूर-परतवाड्याला होती. आमच्या वलगाववरून जी गाडी परतवाड्याला जाते, ती त्या जुन्या छावणीच्या गावालाच जाते. इतिहास म्हणजे पंजाब आणि दिल्ली असं आपल्या पोरांना वाटत असेल, तर त्यांना हे जरूर सांगावं.

आता जरा कडू विषय. गेली काही वर्षे मोबाइलवर एक मेसेज फिरतो. 1965 पर्यंत भारतीय लष्करात 'मुस्लिम रेजिमेंट' होती, तिच्या वीस हजार जवानांनी पाकिस्तानविरुद्ध लढायला नकार दिला, म्हणून ती मोडीत काढली. हा मेसेज साफ खोटा आहे. 1965 मध्ये भारतीय लष्करात मुस्लिम रेजिमेंट नावाची रेजिमेंट नव्हतीच. जी नव्हती तिने नकार काय देणार? ऑक्टोबर 2020 मध्ये नौदलाचे माजी प्रमुख ॲडमिरल एल. रामदास यांच्यासह शंभरावर माजी फौजी अधिकाऱ्यांनी आणि जवानांनी राष्ट्रपतींना पत्र लिहून या अफवेवर कारवाईची मागणी केली होती. अफवा खोटी आहे हे आपण नाही, फौजेत हयात घालवलेली माणसं सांगत होती.

मुसलमान जवान तेव्हाही आणि आजही वेगवेगळ्या पलटणींत विखुरलेले आहेत. अब्दुल हमीद ग्रेनेडिअर्समध्ये होते. राजस्थानातल्या झुंझुनू जिल्ह्याचे रिसालदार अयूब खान 18 कॅव्हलरीत होते. सियालकोट आघाडीवर त्यांनी शत्रूचे रणगाडे निकामी केले, वीर चक्र मिळवलं, नंतर लोकसभेत निवडून आले आणि केंद्रात राज्यमंत्रीही झाले. हैदराबादचे मोहम्मद अहमद झकी हे तर मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अधिकारी! 1965 च्या कामगिरीसाठी त्यांनाही वीर चक्र मिळालं. ते लेफ्टनंट जनरल होऊन निवृत्त झाले आणि पुढे जामिया मिलियाचे कुलगुरू झाले. रेजिमेंटच्या नावावरून आत कोण आहे हे ठरवता येत नाही, याचं याहून साधं उदाहरण दुसरं नाही.

वर्गात एखादं पोरगं हा मेसेज दाखवतं तेव्हा आम्ही चिडत नाही. त्याला एकच सांगतो, त्या रेजिमेंटचं सेंटर कोणत्या गावात होतं ते शोधून आण. ग्रेनेडिअर्सचं जबलपूरला आहे, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला आहे. या 'मुस्लिम रेजिमेंट'चं सेंटर कोणाला सापडत नाही. खोटं स्वतः शोधून पकडलं की ते पोराच्या डोक्यात पक्कं बसतं.

पण केवळ अफवा खोडून आपली जबाबदारी संपत नाही. 1965 ला वीस वर्षांचा असलेला जवान आज ऐंशीच्या पुढे आहे. आपल्या वस्तीत, मोहल्ल्यात, शेजारच्या खेड्यात असा एखादा बुजुर्ग किंवा त्यांची बेवा असू शकते आणि आपल्याला पत्ता नसतो. घरच्यांनाही कधी कधी एवढंच माहीत असतं की "अब्बा फौज में थे". पेटीच्या तळाशी एखादं पदक पडलेलं असतं. ते फेकू नका, पोरांना खेळायला देऊ नका. पाच टोकांचा तारा असेल आणि 1965 लिहिलेलं असेल, तर ते समर सेवा तारा असू शकतं, म्हणजे माणूस युद्धक्षेत्रात होता. गोल असेल तर रक्षा पदक. पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत क्रमांक आणि नाव कोरलेलं असतं. कडेचा काळा थर हलक्या हाताने, कोरड्या कपड्याने पुसा आणि तो क्रमांक लिहून घ्या. फौजेत नावापेक्षा क्रमांकाला किंमत आहे. डिस्चार्ज बुक हरवलं असेल, तरी त्या क्रमांकावरून रेकॉर्ड ऑफिसकडे चौकशी करता येते.

नावाचा घोळ ही आपल्याकडची खास अडचण. वऱ्हाडात आपण 'शे.' लिहितो, आधारवर 'शेख' येतं, फौजेच्या कागदावर इंग्रजीत तिसरंच काही. बाईच्या नावापुढे एका कागदावर बी, दुसऱ्यावर बेगम. पेन्शन अडते ती बहुतेक अशा ठिकाणी. शिकलेल्या पोरांनी एक सुटीचा दिवस काढून सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून नावं जुळतात का पाहिलं, तर म्हाताऱ्या माणसाच्या कितीतरी चकरा वाचतील.

ज्यांना पेन्शन आहे त्यांचा हयातीचा दाखला दरवर्षी वेळेत जातो का, हेही विचारा. ज्यांना पेन्शनच नाही, म्हणजे ज्यांची नोकरी पेन्शनपुरती झाली नाही, अशा हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याच्या 65 वर्षांवरील गरजू माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून 'पेन्युरी ग्रँट' नावाची मदत मिळते. ती महिना 4000 रुपये होती. 1 नोव्हेंबर 2025 पासून येणाऱ्या अर्जांसाठी ती 8000 रुपये केली आहे. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जातो, आपल्यासाठी ते अमरावतीला आहे. या मदतीचा पैसा सशस्त्र सेना ध्वजदिन निधीतून येतो. दर 7 डिसेंबरच्या सुमारास शाळेत मुलांकडून जे पैसे जमा होतात, तोच हा निधी. पालक विचारतात, हे पैसे जातात कुठे? इथे जातात.

ग्रामपंचायतीच्या घरपट्टीचंही आहे. राज्य शासनाने 2020 मध्ये माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना एका घरापुरती मालमत्ता करात सूट दिली. खेड्यात अनेकांना हे ठाऊकच नाही आणि ते मुकाट्याने पावती फाडतात.

26 जानेवारीला झेंडावंदनाच्या वेळी अशा बुजुर्गाला बोलवायचं असेल तर आदल्या दिवशी घरी जाऊन सांगा, आणायला गाडी पाठवा, बसायला खुर्ची ठेवा. हार घालून फोटो काढून मोकळं होऊ नका. मुलांना आधीच चार प्रश्न लिहून आणायला सांगा: भरती कुठे झाले, पहिलं पोस्टिंग कुठलं, घरी पत्र किती दिवसांनी यायचं, कोणता दोस्त परत आला नाही. उत्तरं मोबाइलवर रेकॉर्ड करा, उर्दूत बोलले तर उर्दूत, वऱ्हाडीत बोलले तर वऱ्हाडीत. शेवटच्या प्रश्नावर ते गप्प झाले, तर मुलांना सांगून ठेवा की पुन्हा विचारायचं नाही. चहा द्यायचा आणि दुसरं काहीतरी बोलायचं.