कळा खोट्या नसतात

वैराग-पांगरीकडच्या एखाद्या गावातून रात्री जीप करून बार्शीला यायचं, दवाखान्यात तपासणी व्हायची आणि वर ऐकायचं, "खोट्या कळा आहेत, घरी न्या." माहेरी बाळंतपणाला आलेल्या किती पहिलटकरणींच्या वाट्याला हे येतं! परतीच्या वाटेवर आई गप्प, जीपचं भाडं गेलेलं आणि ती पोरगी मनातून खजील. पुढच्या खेपेला पोट आवळलं तरी ती सांगायला कचरते. म्हणून माझा पहिला आक्षेप 'खोट्या' या शब्दालाच आहे. गर्भपिशवी हा स्नायू आहे. तो खरोखर आवळतो, पोट खरोखर दगडासारखं टणक होतं. फक्त त्या आवळण्याने पिशवीचं तोंड उघडत नाही. सरावाच्या कळा म्हणावं त्यांना.

जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरांनी १८७२ साली त्यांचं नीट वर्णन केलं, म्हणून त्यांच्या नावाने त्या ओळखल्या जातात. गर्भाशय गरोदरपणभर मधूनमधून आवळत असतं, हे त्यांनी दाखवलं. त्या काळी लघवीची तपासणी नव्हती. त्यामुळे बाई गरोदर आहे की नाही हे ठरवण्याची एक खूण म्हणून त्यांनी या आवळण्याकडे पाहिलं. शेवटच्या महिन्यांत हे आवळणं जास्त जाणवतं, इतकंच.

"दुखलं तर खरी, नाही दुखलं तर खोटी" ही घरोघरची कसोटी चुकीची आहे. सरावाची कळही एखादीला चांगलीच दुखते, आणि खऱ्या कळांची सुरुवात अनेकदा कमरेतून, पाळीच्या वेळेसारख्या ठणक्याने होते. घरातले म्हणतात गॅस झालाय, नाहीतर कंबर अवघडली असेल. दुखण्यापेक्षा घड्याळ जास्त खरं सांगतं. एक कळ सुरू झाली की वेळ लिहा, दुसरी सुरू झाली की पुन्हा लिहा. असं तासभर करा. सरावाच्या कळांना ताल नसतो. वीस मिनिटांनी एक, मग सातव्या मिनिटाला, मग तासभर काहीच नाही. खऱ्या कळांमधलं अंतर कमी होत जातं, प्रत्येक कळ लांबत ४० ते ६० सेकंदांपर्यंत जाते, जोर वाढतो, आणि कळ चालू असताना बोलणं अर्ध्यावर तुटतं.

दिवस पूर्ण भरले असतील तर घरी आणखी एक गोष्ट करून पाहता येते. लघवीला जाऊन यावं, दोन पेले पाणी प्यावं, डाव्या कुशीवर पडून राहावं. चालत असाल तर थांबा, बसला असाल तर चाला. सरावाच्या कळा बहुधा ओसरतात, खऱ्या कळा थांबत नाहीत. आपल्या भागात याला फार महत्त्व आहे. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूर जिल्हा भाजून निघतो, अंगातलं पाणी कमी होतं आणि पोट वारंवार आवळायला लागतं. शेतावर आडोसा नाही, एसटीच्या प्रवासात सोय नाही, म्हणून कितीतरी बायका पाणीच कमी पितात आणि लघवी दाबून धरतात. मूत्राशय तुंबलं तरी पोट आवळतं. वर लघवीला जंतुसंसर्ग झाला, तर दिवस भरायच्या आधीच खऱ्या कळा सुरू होण्याचा धोका वाढतो.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज दिवसांच्या हिशेबाचा आहे. "नववा लागलाय, आता कधीही झाली तरी चालेल," असं आपण सहज म्हणून जातो. नववा लागतो तेव्हा साधारण ३५ आठवडे झालेले असतात, आणि ३७ आठवडे पुरे होण्याआधी आलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं धरतात. आपल्याकडचे 'नऊ महिने नऊ दिवस' तसे जवळपास बरोबर आहेत. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून नऊ महिने आणि सात दिवस, म्हणजे २८० दिवस मोजतात. (दिलेल्या तारखेलाच जन्मणारी बाळं १०० मध्ये जेमतेम पाच, तेव्हा तारीख उलटली म्हणून लगेच घाबरू नये.) त्याहून वाईट समजूत म्हणजे सातव्यातलं बाळ जगतं, आठव्यातलं जगत नाही ही. ती साफ खोटी आहे. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो.

म्हणून ३७ आठवड्यांच्या आत 'बघू थोडा वेळ' चालत नाही. तासाभरात चार-पाच वेळा पोट आवळलं, मग ते दुखो न दुखो, ओटीपोटात खाली दाब आला, कंबर थांबून थांबून दुखू लागली किंवा अंगावरून पाण्यासारखं जाऊ लागलं, तर निघायचं. बाळ ३४ आठवड्यांच्या आत येणार असं दिसलं, तर त्याची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देतात. ती चार असतात, बारा-बारा तासांनी. केंद्र सरकारच्या २०१४ च्या सूचनांनुसार पहिलं इंजेक्शन गावातली नर्सताईही पुढे पाठवण्याआधी देऊ शकते. घरी घालवलेली रात्र ही त्या इंजेक्शनांच्या वेळेतून वजा होते. २०२० साली भारतात सुमारे ३० लाख बाळं अपुऱ्या दिवसांची जन्मली.

सिनेमात आधी धो-धो पाणी जातं, मग धावपळ होते. प्रत्यक्षात पूर्ण दिवसांच्या बायकांमध्ये कळांआधी पाणी जाणाऱ्या १०० मागे आठ-दहाच. पुष्कळदा ते थेंबथेंब झिरपतं आणि लघवी समजून सोडून दिलं जातं. लघवी आवरून धरता येते, हे पाणी धरता येत नाही. स्वच्छ पॅड लावून पाहावं आणि कळा नसल्या तरी दवाखाना गाठावा. पाणी हिरवट असेल किंवा ताजं रक्त जात असेल, तर एक मिनिटही थांबू नये. चिकट, किंचित लालसर स्राव मात्र वेगळा. पूर्ण दिवस भरलेले असताना तो पिशवीचं तोंड सैल होत असल्याची खूण असतो.

"बाळंतपण जवळ आलं की बाळ हलायचं थांबतं," हेही ऐकू येतं. नाही. हालचालीची तऱ्हा बदलेल, पण हालचाल मंदावणं हे धोक्याचं लक्षण आहे. अमावास्या-पौर्णिमेचा कळांशी संबंध लाखो जन्मांच्या नोंदी तपासूनही दिसलेला नाही. एरंडेल पाजून कळा आणू नका. जुलाबाने बाई थकते.

आता परत पाठवण्याविषयी. जागतिक आरोग्य संघटना बाळंतपणाचा वेगाचा टप्पा पिशवीचं तोंड ५ सेंटिमीटर उघडल्यापासून धरते. त्याआधीचा काळ पहिलटकरणीला तासन्‌तास लागू शकतो, आणि तो घरी काढणं तिच्या सोयीचं असतं. डॉक्टर टाळत नसतात. पण पाच मिनिटांवर, मिनिटभराची कळ, तासभर टिकली की निघा, हा नियम दारात मोटार असलेल्यांसाठी आहे. लांबच्या वाडीवरून येणारीने दहा मिनिटांवर नियमित कळा आल्या की निघावं. दुसरं-तिसरं बाळंतपण असेल तर त्याहून लवकर, आणि आधी सिझर झालं असेल तर कळा मोजत बसूच नये. परत पाठवलं, तर बार्शीत पाहुण्यांकडे एक रात्र राहू का, असं डॉक्टरांना सरळ विचारावं.

सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझरसकट, आणि घरून नेणारी गाडी २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. आशाताईंचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा, खाली १०२ आणि १०८. फोनवर चार गोष्टी सांगा: किती आठवडे झाले, दोन कळांत किती मिनिटं जातात, पाणी किंवा रक्त गेलं का, आणि बाळ शेवटचं कधी हललं.