दहा हजार घरं दिली, मग मतं कुठे गेली?

सोलापूर म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? चादर, शेंगाची चटणी, कडक भाकरी. पण या शहरातल्या हजारो बाया रोज सकाळी सूप मांडीवर घेऊन बसतात आणि विड्या वळतात, हे किती जणांना माहितीये? भिजवलेलं पान कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा. मजुरी मिळते ती हजार विड्यांच्या हिशोबानं. वळणाऱ्या बहुतेक तेलुगू बोलणाऱ्या. याच बायकांच्या जोरावर एक लाल बावटावाला माणूस तीनदा आमदार झाला : नरसय्या आडम, म्हणजे सगळ्यांचे आडम मास्तर.

आमच्या मास कॉमच्या वर्गात ‘युनियन लीडर’ म्हटलं की डोळ्यासमोर येतो संप, घोषणा आणि बंद पडलेली गिरणी. सोलापुरात गिरण्या खरंच बंद पडल्या. पण विडी घरोघरी वळली जाते. तिथे गेट नाही, भोंगा नाही, मग संप करायचा कुठे? कामगार बाई नेमकी कुणाची कामगार, हेच सिद्ध करावं लागतं. त्यासाठी 1966 चा विडी कामगार कायदा होता. ओळखपत्र, प्रॉव्हिडंट फंड, किमान वेतन हे सगळं कागदावर आहे, पण ते हातात पडायला भांडावं लागतं. मास्तरांची ‘सिटू’ युनियन वर्षानुवर्षं हेच करतेय.

मास्तर माकपतर्फे 1978 मध्ये पहिल्यांदा विधानसभेत गेले. मग 1995 मध्ये, मग 2004 मध्ये. मधल्या काळात हरलेही. पण त्यांचं नाव राज्याबाहेर पोचलं ते घरांमुळे. शहराबाहेर कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. नाव दिलं गोदूताई परुळेकरांचं, म्हणजे वारल्यांच्या लढ्यातल्या गोदावरीबाईंचं. 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग लोकार्पणाला आले. झोपडपट्टीत भाड्यानं राहणाऱ्या बाईच्या नावावर घर! बॉस, आपल्यातल्या किती जणांच्या आईच्या नावावर घर आहे, जरा विचारून बघा.

आता गंमत बघा. घरं मिळाली 2006 ला आणि 2009 ला मास्तर हरले. मतदारसंघांची फेररचना होऊन ‘सोलापूर शहर मध्य’ तयार झाला होता. तिथून काँग्रेसच्या प्रणिती शिंदे निवडून आल्या. 2014 ला तेच, 2019 ला तेच. लोक कृतघ्न आहेत असं म्हणून मोकळं व्हायला सोपं आहे. मला ते पटत नाही. एक तर कुंभारी शहर मध्यच्या हद्दीबाहेर. जी बाई नव्या घरी गेली आणि जिनं मतदारयादीत नाव तिकडे नेलं, तिचं मत मास्तरांना मिळणार कसं? आणि युनियनची वर्गणी भरणारी बाई मत देताना फक्त कामगार नसते. ती कुठल्या तरी जातीची, धर्माची, गल्लीची असते, हे माकपवाल्यांनाही ठाऊक आहे.

मास्तर मात्र थांबले नाहीत. पुढची योजना तिप्पट : रे नगर, तीस हजार घरं, असंघटित कामगारांसाठी. पैसा पंतप्रधान आवास योजनेतून : केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, उरलेले कामगाराचे. म्हणजे कम्युनिस्ट नेत्याला भाजप सरकारच्या दारात उभं राहणं आलंच. जानेवारी 2019 मध्ये नरेंद्र मोदी पायाभरणीला आले. मास्तरांनी स्टेजवरून मोदींचं आणि देवेंद्र फडणवीसांचं कौतुक केलं. पक्षानं त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिने निलंबित केलं.

इथे तुम्ही कुणाच्या बाजूनं? पक्षाचं म्हणणं समजतं. निवडणूक तोंडावर, ज्यांच्याशी आयुष्यभर लढायचं त्यांचीच स्तुती? पण तीस हजार कुटुंबांची फाईल मंत्रालयात अडकलेली असती तर तुम्ही-मी स्टेजवर काय बोललो असतो? मला वाटतं, मास्तरांनी आभार मानण्यापर्यंतच थांबायला हवं होतं. पण हे वातानुकूलित ऑफिसात बसून लिहिणं सोपं आहे.

19 जानेवारी 2024 ला मोदी पुन्हा कुंभारीला आले. रे नगरातल्या पहिल्या पंधरा हजार घरांचं वाटप झालं. लहानपणी आपल्यालाही असं घर मिळालं असतं तर, असं बोलताना त्यांचा कंठ दाटला. ती क्लिप तुमच्याही मोबाइलवर आली असेल. त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभा झाली. मास्तर पुन्हा शहर मध्यमधून उभे राहिले. जिंकले भाजपचे देवेंद्र कोठे. रे नगरातली उरलेली पंधरा हजार घरं तेव्हा अजून वाटायची होती.