पिवळ्या पानांचं फॅन्डम

कॉस्प्ले, फॅनफिक, रात्र रात्र जागून लिहिलेल्या थिअरीज आणि 'तू खरा फॅनच नाहीस' म्हणून होणारी भांडणं... हे सगळं आपल्या पिढीने आणलं असं वाटतं ना? तर मग थोडं मागे चला. साधारण तुमचे पणजोबा कॉलेजच्या वयाचे होते तिथपर्यंत.

एप्रिल १९२६. अमेरिकेतल्या पेपर स्टॉल्सवर 'अमेझिंग स्टोरीज' नावाचं नवंकोरं मासिक लागलं. किंमत २५ सेंट. मुखपृष्ठावर आकाशात भलामोठा कडीवाला ग्रह आणि खाली बर्फावर स्केटिंग करणारी माणसं. आत ज्यूल व्हर्न, एच. जी. वेल्स, एडगर अ‍ॅलन पो यांच्या जुन्याच कथा. पण फक्त विज्ञानकथांसाठी काढलेलं हे इंग्रजीतलं पहिलं मासिक. ते काढणारा ह्यूगो गर्न्सबॅक मूळचा लक्झेंबर्गचा. अमेरिकेत येऊन रेडिओचं सामान विकणारा आणि रेडिओवरची मासिकं चालवणारा.

अशा मासिकांना 'पल्प' म्हणायचे, कारण कागद लाकडाच्या लगद्याचा. स्वस्त, खरखरीत, वर्षभरात पिवळा पडणारा. लेखकांना मानधन शब्दावर, तेही अगदी किरकोळ. गर्न्सबॅक तर पैसे द्यायला इतका चिकट, की एच. पी. लव्हक्राफ्टने त्याचं नाव 'ह्यूगो द रॅट' ठेवलं होतं. गंमत म्हणजे विज्ञानकथेतला आजचा सगळ्यात मानाचा 'ह्यूगो' पुरस्कार याच गृहस्थांच्या नावाने आहे.

पत्त्यासकट पत्र

गर्न्सबॅकने एक गोष्ट मात्र भारी केली. वाचकांची पत्रं छापताना तो खाली त्यांचा पूर्ण पत्ताही छापायचा. आज हे ऐकून प्रायव्हसीवाले डोक्याला हात लावतील! पण विचार करा, छोट्या गावातला सोळा वर्षांचा मुलगा. मंगळाबद्दल बोलावं असं आजूबाजूला कुणी नाही. त्याला मासिकात आपल्यासारख्याच दुसऱ्या 'येड्या'चा पत्ता मिळतो. तो थेट त्याला पत्र टाकतो. पत्रांतून ओळखी झाल्या, ओळखींतून क्लब झाले आणि क्लबांनी स्वतःची मासिकं काढली. १९३० मध्ये शिकागोतून निघालेलं 'द कॉमेट' हे अशा फॅनझिन्सपैकी पहिलं मानलं जातं.

ही फॅनझिन्स म्हणजे घरच्या घरी टाइप करून सायक्लोस्टाईल केलेली पानं. क्लीव्हलंडमधल्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या शाळकरी मित्रांनीही एक काढलं. १९३३ मध्ये त्यात 'सुपरमॅन' नावाच्या माणसाची गोष्ट आली. तो चक्क टकला व्हिलन होता! पुढे त्यांनी त्याला हीरो केलं आणि १९३८ मध्ये तो कॉमिकमधून जगापुढे आला.

आयझॅक असिमोव्हचा किस्सा तर आपल्या घरातलाच वाटेल. ब्रुकलिनमध्ये त्याच्या वडिलांचं गोळ्या-चॉकलेटचं दुकान होतं. तिथे ही मासिकं विकायला असायची, पण मुलाने हात लावायचा नाही. असलं वाचून मुलं बिघडतात! १९२९ मध्ये 'सायन्स वंडर स्टोरीज' आलं तेव्हा असिमोव्हने वडिलांना नावातलं 'सायन्स' दाखवलं. परमिशन मिळाली. 'अभ्यासाचंच बघतोय' हे कारण तेव्हापासून चालत आलंय.

दारावर अडवलेले सहा जण

जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पहिलं 'वर्ल्डकॉन' भरलं. साधारण २०० जण जमले. २२ वर्षांचा फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि त्याची मैत्रीण मर्टल डग्लस भविष्यातल्या माणसांचे कपडे घालून आले. ते कपडे मर्टलने शिवले होते. पहिलं कॉस्प्ले म्हणून याच जोडीचा फोटो आजही दाखवतात.

पण त्याच दिवशी दारावर वेगळाच सीन झाला. 'फ्युचरियन्स' या दुसऱ्या गटातल्या सहा जणांना आयोजकांनी आत येऊ दिलं नाही. हे राजकारण करतील, गोंधळ घालतील अशी भीती. त्या सहांत १९ वर्षांचा फ्रेडरिक पोल होता आणि जेमतेम सोळा वर्षांचा सिरिल कॉर्नब्लुथ. डोनाल्ड वॉलहाइमही होता. पुढे पोल नावाजलेला लेखक-संपादक झाला, वॉलहाइमने 'डॉ बुक्स' ही प्रकाशन संस्था काढली. म्हणजे ज्यांना बाहेर ठेवलं, त्यांनीच पुढे हे घर मोठं केलं.

दार कुणासाठी उघडायचं, हा प्रश्न नंतरही सुटला नाही. 'अस्टाउंडिंग'चा संपादक जॉन कॅम्पबेल याने असिमोव्हसारखे लेखक घडवले, हे खरं. त्याची मतं वंशवादी होती, हेही तितकंच खरं. नव्या लेखकांसाठीचा पुरस्कार वर्षानुवर्षं त्याच्या नावाने दिला जायचा. २०१९ मध्ये डब्लिनच्या वर्ल्डकॉनमध्ये हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या जनेट इंगला तो मिळाला. स्टेजवरूनच तिने कॅम्पबेलवर सडकून टीका केली आणि काही दिवसांत पुरस्काराचं नाव बदललं. त्याच सोहळ्यात तुमच्या ओळखीच्या 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन'ला ह्यूगो मिळाला. हो, तेच फॅनफिकचं भांडार!

आपल्याकडचं एक दार इथे आठवतं. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. लेखक नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ते होते डॉ. जयंत नारळीकर, आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून. नाव बघून नव्हे, कथा वाचून निकाल लागावा म्हणून.

आज का वाचायचं?

खरं सांगायचं तर सगळं काही भारी नाही. शुक्रावर जंगलं, मंगळावर कालवे, मुखपृष्ठावर किंचाळणारी बाई. पात्रं पुठ्ठ्याची. पण 'असं झालं तर?' हा प्रश्न ही मंडळी न लाजता विचारायची. कॅम्पबेलच्याच १९३८च्या कथेवरून 'द थिंग' सिनेमा आला. 'फ्लॅश गॉर्डन'चे हक्क मिळाले नाहीत म्हणून जॉर्ज लुकसने 'स्टार वॉर्स' रचला. सुरुवात करायची तर स्टॅनली वाइनबॉमची 'अ मार्शियन ओडिसी' घ्या. १९३४ची ही कथा एका बैठकीत संपते. त्यातला ट्वील नावाचा परग्रहवासी माणसाइतकाच हुशार आहे, फक्त विचार आपल्यासारखा करत नाही. वेगळ्या माणसाशी बोलायचं कसं, हे त्याच्याकडून आपण अजूनही शिकू शकतो.

तो पल्प कागद आता हातात तुटतो. त्यातलं आम्लच त्याला खातं. म्हणून आयोवा विद्यापीठासारख्या ठिकाणी जुनी फॅनझिन्स जपून स्कॅन केली जाताहेत. ही कुणा मोठ्या लेखकाची हस्तलिखितं नाहीत, तुमच्या-माझ्या वयाच्या पोरांनी खिशातले पैसे घालून काढलेली पानं आहेत.

तुमच्या ग्रुपची फॅनआर्ट, थिअरीज, अर्धवट राहिलेल्या फॅनफिक्स कुठे आहेत? कुणाच्या तरी सर्व्हरवर. तो बंद झाला तर? एक कॉपी आजच काढून ठेवा. आणि ग्रुपमध्ये कुणी नवीन आलं, तर 'कुठला एपिसोड पाहिलायस?' अशी परीक्षा घेण्याआधी ते दारावरचे सहा जण आठवा.