गिऱ्हाइकाच्या घरी जाणारा निरोप

ब्रिटनमधील टेस्को या दुकानांच्या साखळीने फेब्रुवारी १९९५ मध्ये कायम गिऱ्हाइकांसाठी 'क्लबकार्ड' देशभर सुरू केले. सवलत किती? खरेदीच्या जेमतेम एक टक्का. आपल्याकडे एवढे तर गिऱ्हाईक बोलता बोलता कमी करून घेते! तरी कार्ड चालले. त्याचे मोठे कारण आम्हांला पोस्टात दिसते. दर तीन महिन्यांनी साठलेल्या रकमेची व्हाउचरे पत्रासोबत घरी येत आणि त्या घरात काय खरेदी होते ते पाहून कुपनेही निरनिराळी असत. छपाई-टपालाला पैसे पडत, म्हणून पत्र विचार करूनच जाई.

मोबाइलवरचा निरोप जवळजवळ फुकट जातो, आणि तिथेच बिघडते. आपले अनेक व्यापारी बंधू वहीतल्या सगळ्या नंबरांवर रोज एकच जाहिरात धाडतात. लहान मुलांचे कपडे नेणाऱ्या घराला शेरवानीची सूट कळवून काय उपयोग? वैतागून गिऱ्हाईक नंबर बंद करते. मग ईदचा माल आल्याचा निरोपही पोहोचत नाही. एसएमएसने जाहिरात करायची तर 'ट्राय'च्या २०१८ च्या नियमांप्रमाणे आधी नोंदणी लागते, ते वेगळेच. नंबर लिहून घेतानाच विचारावे : कशाचा निरोप पाठवू, आणि कधी?