हात आणि हत्यार (भाग ७) : एका म्यानात दोन तलवारी

जर्मन भाषेत गाडी बदलण्याला आणि सॉफ्टवेअर बदलण्याला एकच क्रियापद आहे : ‘उमश्टायगन’. हँबर्गहून निघालात, हानोव्हरला उतरलात, समोरच्या फलाटावरची गाडी पकडलीत की झालं उमश्टायगन. चित्रं काढायचा प्रोग्राम बंद पडला आणि दुसरा घ्यावा लागला, तर तेही उमश्टायगनच. शब्द सोयीचा आहे, पण फसवा. फलाट बदलताना आपलं सामान आपल्याच हातात असतं. सॉफ्टवेअर बदलताना मात्र बरंचसं सामान जुन्या गाडीतच राहतं आणि ती गाडी यार्डात गेलेली असते.

मागच्या भागात पेजमेकर पाहिला. १९९४ साली अ‍ॅडोबीने अल्डस कंपनी पोटात घेतली आणि तिच्याबरोबर पेजमेकर आला. अप्पा बळवंत चौकातल्या डीटीपीवाल्यांना ही घडामोड जाणवलीही नसेल. पडद्यावरचं नाव बदललं, काम चालू राहिलं. आज त्याच सौद्याची दुसरी बाजू बघू. ती जाणवली, आणि जर्मनीत फार जाणवली.

आधी हँबर्गची गोष्ट, कारण ती थोडक्यात आटपते. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तिथल्या काही तरुणांनी वेबसाइट मांडण्याचा एक प्रोग्राम केला, गोलाइव्ह सायबरस्टुडिओ. मॅकवर चालायचा. छापील पान लावणाऱ्याला कोड न शिकता वेबपान लावता यावं, हा त्यातला विचार. एका पानावरून दुसऱ्याला दुवा द्यायचा तर माऊसने एक रेघ ओढून त्या फाइलवर नेऊन सोडायची, बस. १९९९ मध्ये अ‍ॅडोबीने कंपनी विकत घेतली. अ‍ॅडोबीचा स्वतःचा पेजमिल नावाचा प्रोग्राम याच कामासाठी होता. तो लवकरच बाजूला पडला, आणि हँबर्गकरांचं गोलाइव्ह घराण्याचं वारस झालं. पेजमिलवाल्यांसाठी तेव्हा जर्मनीत कुणी रडलं असेल असं वाटत नाही.

१८ एप्रिल २००५ रोजी अ‍ॅडोबीने जाहीर केलं की ती मॅक्रोमीडिया कंपनी सुमारे ३४० कोटी डॉलरच्या शेअर्सच्या मोबदल्यात घेत आहे. डिसेंबरात व्यवहार पुरा झाला. या दोघी दहा वर्षं एकमेकींसमोर शड्डू ठोकून उभ्या होत्या. वेबपानांसाठी एकीकडे गोलाइव्ह, तर दुसरीकडे ड्रीमवीव्हर. रेषाचित्रांसाठी एकीकडे इलस्ट्रेटर, दुसरीकडे फ्रीहँड. एका म्यानात दोन तलवारी मावत नाहीत, हे आपल्याला सांगायला नको. ड्रीमवीव्हर जास्त खपत होतं, म्हणून ते राहिलं. २००७ च्या मोठ्या संचात ड्रीमवीव्हरला जागा मिळाली, गोलाइव्ह सुटं विकायला ठेवलं गेलं आणि २००८ च्या एप्रिलमध्ये ते बंद झाल्याचं कळवण्यात आलं. पेजमिलचं जे झालं तेच.

पण खरी जखम फ्रीहँडची.

वेक्टर चित्र म्हणजे काय ते पहिल्या भागात आलंच आहे : ठिपक्यांचं नव्हे, बिंदू आणि वक्ररेषांचं चित्र. बोटाएवढं असो वा इमारतीएवढं, कडा फाटत नाही. बोधचिन्हं, नकाशे, वर्तमानपत्रांतले आलेख, डब्यांची वेष्टनं हे सगळं याच पद्धतीने होतं. टेक्ससमधल्या आल्ट्सिस कंपनीने बनवलेलं फ्रीहँड १९८८ पासून अल्डस विकत असे. जर्मन ग्राफिकर मंडळींत त्याचा मोठा संप्रदाय होता. (ग्राफिकर हा त्यांचा जुना शब्द, आपल्या ‘कमर्शियल आर्टिस्ट’सारखा.) कारण अगदी व्यवहारातलं आहे. फ्रीहँडच्या एकाच फाइलमध्ये वेगवेगळ्या आकारांची अनेक पानं ठेवता येत. एखाद्या गिऱ्हाइकाचं बोधचिन्ह, लेटरहेड, लिफाफा, व्हिजिटिंग कार्ड, सगळं एका फाइलीत. इलस्ट्रेटरला अनेक पानांची ही सोय २००८ मध्ये आली, म्हणजे फ्रीहँडचं काम थांबवल्यावर! दुसरं म्हणजे फ्रीहँडमध्ये बहुतेक काम एकाच बाणाने होई. इलस्ट्रेटरमध्ये आख्खी वस्तू उचलायला काळा बाण आणि तिचा एखादा बिंदू हलवायला पांढरा. बाहेरच्याला हे क्षुल्लक वाटेल. पण पंधरा वर्षं पेटीवर गाणाऱ्याच्या पट्ट्या एका रात्रीत सरकवून ठेवल्या तर त्याला काय वाटेल? हात बसलेला असतो. मालक बदलला हे हाताला समजत नाही.

विलक्षण गोष्ट ही की हा धोका अमेरिकी सरकारने १९९४ मध्येच ओळखला होता. अल्डस घेताना फ्रीहँडही अ‍ॅडोबीकडे गेलं असतं, तर इलस्ट्रेटरला तोडीस तोड उरलं नसतं. म्हणून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने फ्रीहँडचे हक्क आल्ट्सिसला परत करायला लावले आणि बजावलं की दहा वर्षं परवानगीवाचून या प्रोग्रामला हात लावायचा नाही. आल्ट्सिस मग मॅक्रोमीडियाने घेतली. दहा वर्षं २००४ च्या अखेरीस भरली. पुढच्या एप्रिलमध्ये काय झालं ते वर आलंच आहे. मी याला कटबिट म्हणत नाही. एवढा मोठा सौदा एका रेषाचित्रांच्या प्रोग्रामसाठी कुणी करत नाही, ओढ मुख्यतः वेबकडे आणि मॅक्रोमीडियाच्या फ्लॅश या प्रोग्रामकडे होती. फ्रीहँड चेंगरलं गेलं, बस. पण मुदतीचं कुलूप मुदत संपली की गळून पडतं, आणि या वेळी अमेरिकी न्याय खात्याने व्यवहार तपासून जाऊ दिला.

मे २००७ मध्ये अ‍ॅडोबीने सांगितलं, फ्रीहँडची नवी आवृत्ती येणार नाही. शेवटची, एमएक्स, २००३ ची. विकत घेतलेला प्रोग्राम कुणी काढून घेतला नव्हता, तेव्हा ग्राफिकर लोक तोच वापरत राहिले. नवा मॅक आला तरी जुने प्रोग्राम चालवणारा दुभाष्या ॲपलने आत ठेवलेला होता. जुलै २०११ मध्ये मॅकच्या नव्या प्रणालीतून तो काढला गेला आणि फ्रीहँड उघडेनासं झालं. कित्येकांनी केवळ यासाठी एक जुना मॅक कोपऱ्यात जपून ठेवला, प्रणाली न बदलता, घरात जुनी शिलाई मशीन ठेवावी तसा. त्याच वर्षी मे महिन्यात ‘फ्री फ्रीहँड’ या वापरकर्त्यांच्या संघटनेने कॅलिफोर्नियात मक्तेदारीविरोधी दावा लावला. २०१२ च्या सुरुवातीला तडजोड झाली. सभासदांना अ‍ॅडोबीच्या मालावर सवलत मिळाली आणि इलस्ट्रेटरमध्ये काय हवं ते सुचवायची वाट मिळाली. फ्रीहँड काही परत आलं नाही.

विलीनीकरण म्हटलं की अर्थशास्त्राचा माणूस किमतीकडे बघतो : स्पर्धक गेला, आता भाव वाढणार. कारागीर मात्र आपल्या कपाटाकडे बघतो. फ्रीहँडची फाइल ही कंपनीने स्वतःच्या पद्धतीने गुंडाळलेली पुडी असते. ती कशी सोडवायची हे त्या प्रोग्रामलाच पुरतं ठाऊक. इलस्ट्रेटरच्या काही आवृत्त्या ती उघडत, पण सगळं जसंच्या तसं येईलच असं नाही, आणि पुढे तीही सोय गेली. म्हणजे दर वाढायच्या आधीच आपल्याच कामाची किल्ली आपल्याकडे राहत नाही.

या साऱ्याचं पुढे काय झालं ते पाहायला बॉनला जावं लागतं. जर्मनीचं स्पर्धा खातं, बुंडेसकार्टेलआम्ट, तिथे आहे. पूर्वी एखादा सौदा तपासायचा की नाही हे कंपन्यांच्या उलाढालीवरून ठरे. फेसबुकने २०१४ मध्ये व्हॉट्सॲपसाठी १,९०० कोटी डॉलर मोजायचं ठरवलं तेव्हा व्हॉट्सॲपची कमाई नगण्य होती, म्हणून तो सौदा या गाळणीतून निसटला. २०१७ मध्ये जर्मनीने कायद्यात भर घातली : उलाढाल कमी असली तरी मोबदला ४० कोटी युरोंच्या वर असेल आणि विकली जाणारी कंपनी देशात बऱ्यापैकी वावरत असेल, तर सौदा तपासता येईल. ऑस्ट्रियानेही तसंच केलं, त्यांची मर्यादा २० कोटी.

सप्टेंबर २०२२ मध्ये अ‍ॅडोबीने फिग्मा २,००० कोटी डॉलरला घ्यायचं जाहीर केलं. ॲप आणि वेबसाइटचे पडदे आखणाऱ्यांचं हे लाडकं हत्यार. अनेक जण अ‍ॅडोबीचं एक्सडी सोडून तिथे आलेले, तेव्हा त्यांची पहिली प्रतिक्रिया त्राग्याची होती : ज्यांच्यापासून पळून आलो तेच घरमालक झाले! पेनपॉट या मुक्त प्रोग्रामकडे लोकांची रीघ लागली. ऑस्ट्रियाने प्रकरण ब्रुसेल्सकडे सोपवायची मागणी केली, जर्मनीसह अनेक देश तिच्यात सामील झाले. युरोपीय आयोगाने आणि ब्रिटनच्या नियामकाने आक्षेप घेतले. १८ डिसेंबर २०२३ रोजी दोन्ही कंपन्यांनी सौदा मोडला. अ‍ॅडोबीला ठरल्याप्रमाणे १०० कोटी डॉलर भरपाई द्यावी लागली. फ्रीहँडवाल्या पिढीतल्या लोकांना हे बघून काय वाटलं असेल, याचा मी बराच विचार केला.

दरम्यान ब्रिटनच्या सेरिफ कंपनीने ॲफिनिटी नावाचा संच काढला होता. एकदाच पैसे भरायचे, मासिक हप्ता नाही, आणि त्यातला डिझायनर हा प्रोग्राम फ्रीहँडच्या जुन्या फाइली उघडत असे. मार्च २०२४ मध्ये ही कंपनी ऑस्ट्रेलियाच्या कॅनव्हाने विकत घेतली. बातमी आली त्याच दिवशी वापरणाऱ्यांनी एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली : हप्ता सुरू होणार का? दोन्ही कंपन्यांना लगेच लेखी शब्द द्यावा लागला की एकरकमी परवाना कायम राहील.