भिंतीपलीकडचे पाणी

माझे वडील कोळसा खाणीत कामगार आहेत. छत पहारीने ठोकून ते आवाज ऐकतात. आवाज पोकळ आला, तर थर सुटला असे समजायचे. भूभौतिकशास्त्र हेच काम यंत्राने करते. कोळशाच्या भिंतीवर आघात करून लहर सोडायची. पलीकडे पाणी वा पोकळी असेल, तर ती परतते. वेग सेकंदाला २००० मीटर धरला व लहर २० मिलिसेकंदांत परतली, तर जाऊन-येऊन अंतर ४० मीटर. म्हणजे भिंत २० मीटर जाड.

२७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत जुन्या खोदकामातले पाणी घुसून साडेतीनशेहून अधिक कामगार दगावले. केवळ जुन्या नकाशांवर विसंबून चालत नाही. भिंत मोजावीच लागते. मी कला शाखेचा विद्यार्थी; पण वडील रात्रपाळीला निघाले की हेच गणित आठवते.